समुद्रावरील इंटरनेट

चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवेने बॅलार्ड पिअरला पोहोचून गोव्याच्या क्रूझवर चढणाऱ्या प्रवाशाचा मोबाइल, किनारा दूर जाताच टॉवरच्या टप्प्याबाहेर जातो आणि पुढील संपर्क उपग्रहावर अवलंबून राहतो. भूस्थिर उपग्रह, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एकाच जागी स्थिर भासणारा उपग्रह, वापरला असता संदेश जाऊन उत्तर येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. शिवाय उपलब्ध क्षमता सर्व प्रवाशांत विभागली जात असल्याने व्हिडिओ अडखळला, तरी ईमेल सहसा पोहोचतो. भारतीय सागरी हद्दीतील जहाजांवरील अशा इंटरनेट सेवेसाठी २०१८ मध्ये नियम झाले. जहाजावरील मोबाइल यंत्रणेशी फोन आपोआप जोडला गेल्यास रोमिंगचे मोठे शुल्क पडू शकते; म्हणून प्रवाशांनी फ्लाइट मोड ठेवून केवळ जहाजाचे वाय-फाय वापरावे आणि ईमेल आधी लिहून मग एकत्र पाठवावेत.