राहिलेले विषय
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



संयोजकांनी मला 'शिक्षण आणि जिद्द' असा विषय दिला आहे. जिद्द हा शब्द सत्काराच्या शालीबरोबर शोभून दिसतो, पण मला त्यावर फार बोलता येणार नाही. मी राहिलेल्या विषयांवर बोलणार आहे. म्हणजे गुणपत्रिकेत ज्यांच्यापुढे नापासाची खूण येते, त्या विषयांवर.

सकाळपासून आपला परिचयाचा कार्यक्रम चालू आहे. प्रत्येकानं उठून नाव, गाव, शिक्षण, हुद्दा सांगितला. टाळ्या वाजल्या, छान वाटलं. पण हजेरीपटावरची बरीच नावं आज इथं नाहीत. कुणी लांब असेल, कुणाला रजा मिळाली नसेल. मात्र आमच्या वर्गातल्या दोघींना मी स्वतः फोन केला होता. दोघींचं उत्तर एकच, "आम्ही तिथं येऊन काय सांगणार?" एकीची बारावी राहिली, दुसरीचं कॉलेज. आजचं माझं बोलणं त्यांच्यासाठी आहे. त्या इथं नाहीत, म्हणून ते त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचं काम तुमच्याकडे देते.

१९९६ साली मी शिरूरलाच बी.कॉम.ला प्रवेश घेतला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. न्हावऱ्याच्या रस्त्यावरून सकाळच्या एसटीनं यायचं आणि दुपारच्या एसटीनं परत जायचं. पहिलं वर्ष नीट पार पडलं. दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर वडिलांना अपघात झाला, उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडला. ते दोन महिने पुण्याला दवाखान्यात होते. घरात मी थोरली. धाकटा भाऊ आठवीत. आई दवाखान्यात, म्हणून गुरं, भाकरी आणि पाण्याची पाळी माझ्याकडे. तशात परीक्षा दिली आणि अकाउंट्स व कॉस्टिंग हे दोन विषय राहिले. ऑक्टोबरला परत बसले. कॉस्टिंग सुटलं. अकाउंट्सला ३१ गुण पडले, पाहिजे होते ४०.

एटीकेटी हा शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे. आत्ता कोण कोण हसलं ते मी बघितलंय! विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसायची मुभा म्हणजे एटीकेटी. कॉलेजनं मला ती मुभा दिली होती, घरच्या परिस्थितीनं दिली नाही. दवाखान्याचं देणं होतं, स्थळ चांगलं आलं होतं. १९९९ च्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी दौंडला गेले.

दौंडला आमचं घर रेल्वे लाईनच्या जवळ. ह्यांची नोकरी रेल्वेत, शिफ्टची. दोन मुलं झाली. २००६ पासून मी एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागले. तिथल्या प्रत्येक अर्जावर शिक्षणाच्या रकान्यात मी 'बी.कॉम. अपूर्ण' असं लिहीत असे. कंसातलं ते 'अपूर्ण' लिहिताना अक्षर आपोआप बारीक व्हायचं. पुढे एक वरची जागा निघाली. सहा वर्षं मी ज्या वह्या ताळ्याला लावत होते, त्याच वह्यांचं काम होतं, पण जागेसाठी पदवीची अट होती. जागा माझ्याहून बारा वर्षांनी लहान मुलीला मिळाली आणि तिला काम मी शिकवलं. मुलगी गुणाची होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तीच एक दिवस म्हणाली, "ताई, तुम्हाला तर सगळं येतं. मग परीक्षेला का बसत नाही?"

या प्रश्नाचं उत्तर सोपं नसतं. अभ्यासाची भीती नंतरची. पहिली भीती खिडकीची. चौतिसाव्या वर्षी कुठल्यातरी कार्यालयाच्या खिडकीसमोर अठरा वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभं राहायचं आणि "माझे विषय राहिलेत" असं मोठ्यानं म्हणायचं. आतला माणूस हमखास विचारतो, "कुठल्या साली?" आणि मागची रांग ऐकत असते. ते एक वाक्य तोंडातून निघायला मला तेरा वर्षं लागली. सुटून गेलेल्या शिक्षणातला सर्वांत अवघड पेपर तोच आहे, आणि त्याला अभ्यासक्रम नसतो.

मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला होता आणि माझे जुने गुण कुठं बसेनात. म्हणून २०१२ साली मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नव्यानं पहिल्या वर्षाला नाव घातलं. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. पुस्तकं मराठीत होती, मार्गदर्शनाचे तास रविवारी असायचे. पहिल्या रविवारी वर्गात गेले आणि जीव भांड्यात पडला. बाकावर कोण होतं? एसटीचे कंडक्टर, राखीव पोलीस दलातले दोन जवान, अंगणवाडीच्या ताई, कुरकुंभच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून थेट आलेला एक जण. तो बिचारा पहिल्या तासाला झोपायचा आणि दुसऱ्या तासाला सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायचा. दहावी-बारावी सुटलेले काही जण पूर्वतयारीची परीक्षा देऊन आले होते. 'तुमचं का राहिलं?' असं त्या वर्गात कुणी कुणाला विचारलं नाही. प्रत्येकाचं काही ना काही राहिलेलंच होतं.

पहाटे साडेचारला उठून अभ्यास करायचे. सुट्टीत माहेरी येताना चौफुला, पारगाव, न्हावरा असा एसटीचा रस्ता. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकली की इतर प्रवासी वैतागायचे, मी मात्र पुस्तक उघडायचे.

दौंडच्या माणसाला एक गोष्ट रोजची असते. मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट्या तोंडानं निघायची. आता कॉर्ड लाईन झाल्यापासून काही गाड्या परस्पर जातात. पण तेव्हा नवखा प्रवासी हमखास घाबरायचा, "अहो, गाडी माघारी चालली काय?" जुना प्रवासी शांतपणे सांगायचा, "बसा, पुण्यालाच चाललीय." पदवीच्या पहिल्या वर्षाला दुसऱ्यांदा नाव घातलं तेव्हा नातेवाईक मला हेच विचारत होते आणि मी मनात हेच उत्तर देत होते.

थोरांचं नाव घेताना तुलना करायची नसते, पण आधार घेता येतो. महर्षी कर्वे कोकणातल्या मुरुडहून साताऱ्याला शंभरांहून जास्त मैल चालत परीक्षेला गेले. तिथं 'तू वयानं लहान दिसतोस' म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. त्यानंतर १८८४ साली बी.ए. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. पण येताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत झाली, आणि १९२० साली ते परत गेले. १९२१ ला एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी एकदा दुरुस्तीसाठी परत पाठवला, तो त्यांनी पुन्हा लिहून दिला आणि १९२३ ला ती पदवीही घेतली. यातून मी दोन गोष्टी उचलल्या. निघताना परतीचा दरवाजा उघडा आहे का ते बघून ठेवावं. आणि परत जाताना मित्राची मदत घेण्यात कमीपणा नसतो.

२०१४ ला दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला. तो माझ्या मुलानं मोबाईलवर बघितला. तो तेव्हा नववीत होता. हळूच म्हणाला, "आई, एक विषय राहिला." पुन्हा अकाउंट्स! मी काही बोलले नाही, चुलीपुढचं काम चालू ठेवलं. सासूबाई चौथी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "एकच राहिलाय ना? मग बाकीचे सुटले की. भाजी करपतीय, तिकडं बघ." आजवर इतक्या कमी शब्दांत मला कुणी धीर दिलेला नाही. पुढच्या परीक्षेत तो विषय सुटला. २०१५ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मी बी.कॉम. झाले.

पदवीनं काय दिलं, ते खरं खरं सांगते. बढती लगेच मिळाली नाही, दोन वर्षांनी मिळाली. पगार थोडा वाढला. मोठी कमाई निराळीच झाली. मुलगा डिप्लोमाला गेला आणि पहिल्या वर्षी त्याचं गणित राहिलं. आमच्या आळीतली पोरं अशा वेळी गुणपत्रिका दडवतात, कुणी घरी यायचं टाळतं, कधी त्याहून वाईटही कानावर येतं. हा संध्याकाळी आला, गुणपत्रिका माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "आई, एक राहिला." मी म्हटलं, "मग बाकीचे सुटले की." तो हसला आणि जेवायला बसला. माझ्या पदवीची खरी किंमत मला त्या रात्री समजली.

आता थोडं कामाचं. ज्यांचं शिक्षण सुटलंय त्यांनी आधी कागद गोळा करावेत. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची आणि कॉलेजच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक. नापासाची गुणपत्रिका फाडून टाकू नका, सुटलेले विषय तिच्यातच लिहिलेले असतात. बायकांना नावाची अडचण हमखास येते, कागदावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच करून ठेवा. दहावी-बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. आणि मुलांसाठी सांगते, २०२० च्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबायची आणि पुढं परत यायची सोय ठेवली आहे. मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. १९९८ ला अशी सोय असती, तर माझं पुरं झालेलं पहिलं वर्ष हवेत विरलं नसतं. म्हणून घरातल्या कुणाला मध्येच थांबावं लागलं, तर कॉलेजातून निघण्याआधी तेवढं कागदावर घ्यायला सांगा.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपण आज शाळेला संगणक देतोय, पाण्याची टाकी देतोय, फार चांगलं आहे. त्याच्या जोडीला एक बिनखर्चाचं काम करूया. आपल्यातले कितीतरी जण कॉलेजच्या कार्यालयात, शाळांत, बँकांत आहेत. वर्गातल्या ज्यांचं शिक्षण सुटलंय, त्यांच्यासाठी अर्ज भरून द्यायला, कागद काढून द्यायला आणि पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर त्या खिडकीपाशी उभं राहायला प्रत्येक तुकडीतून दोन माणसं नेमूया. फी नंतर बघता येते, सोबत आधी लागते.

आमच्या तुकडीतून माझं नाव लिहून घ्या. त्या दोघींना मी या आठवड्यात पुन्हा फोन करणार आहे.