वीज कुठून येते आणि कधी येते?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे की नाही, यावर येत्या वार्षिक सभेत मतदान आहे. त्याआधी वीजनिर्मितीचे प्रकार आणि त्यांचे फायदे-तोटे सोप्या भाषेत सांगा, असं कमिटीनं सुचवलं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे फळा नसला तरी सवय आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. वीज ही धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी वापरतो, त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. म्हणून वीज कशापासून होते याच्याइतकंच ती कधी मिळते, हे महत्त्वाचं.

महाराष्ट्रातली बरीचशी वीज कोळशावर होते. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेनं टर्बाइन फिरवायचं. दिवस असो की रात्र, ही वीज मिळते. पण धूर आणि राख होते, शिवाय पाणी भरपूर लागतं. 2015 च्या दुष्काळात शेजारच्या परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. अणुऊर्जेतही टर्बाइन वाफेवरच फिरतं. 1969 पासून तारापूरला ती चालू आहे. धूर नाही, पण वापरलेलं किरणोत्सारी इंधन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावं लागतं.

आता आपल्या जिल्ह्यात या. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. तिथलं पाणी शेतीला सोडताना वाटेत त्यावर वीजही होते. जलविद्युत काही मिनिटांत सुरू करता येते, इंधनाचा खर्च नाही. पण पाऊस कमी झाला की हात आखडतो, आणि कोणत्याही मोठ्या धरणात कुणाची तरी जमीन गेलेली असते, हे विसरू नये.

त्याच तालुक्यातलं घाटघर तर सहलीला जाऊन पाहण्यासारखं. वरच्या धरणातलं पाणी कोकणाच्या बाजूला खाली सोडून 250 मेगावॅट वीज करतात, आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवतात. चढवायला लागणारी वीज मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच! मग हा आतबट्ट्याचा व्यवहार कशाला? कारण संध्याकाळी सगळ्यांच्या घरी दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम लागतात, तेव्हाच्या युनिटचं मोल वेगळं.

पुण्याला जाताना सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. पावसाळी वाऱ्यात त्या जोरात, वारा पडला की स्वस्थ. आपल्याकडचे अनेक साखर कारखाने उसाचं चिपाड जाळून वीज करतात. टाकाऊतून टिकाऊ, पण मुख्यतः गाळप हंगामापुरतं.

राहिला सूर्य. यात काहीच फिरत नाही, पॅनेलवर ऊन पडलं की थेट वीज. 2018 मध्ये राळेगणसिद्धीत शेतीसाठी सौर वाहिनीचा प्रकल्प हाती घेतला गेला, तो शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून. थंडीत, बिबट्याच्या भीतीत रात्री पिकाला पाणी भरणं काय असतं, हे इथल्या अनेकांच्या गावाकडच्या भावांना विचारा.

आता आपली गच्ची. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि सरासरी दिवसाला चार युनिट मिळतात. दहा किलोवॅट बसवले तर महिन्याला सुमारे बाराशे युनिट. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्या बिलाचा मोठा भार हलका होईल. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे दहाचे 1,80,000.

तोटेही ऐका. पावसाळ्यात उत्पादन घटेल. नगरची धूळ नियमित धुवावी लागेल. आणि बॅटरी नसेल, तर लाइट गेल्यावर भर दुपारीही पॅनेल बंद पडतील. तो बिघाड नव्हे. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ती सोय असते. वरच्या मजल्यावरच्यांची गळतीची शंका रास्त आहे. आधी वॉटरप्रूफिंग, मगच पॅनेल, असं ठरावात लिहून घ्या. कुरडया-पापडांसाठी अर्धी गच्ची मोकळी ठेवा, नाहीतर भगिनीवर्ग ठराव पडल्याशिवाय राहणार नाही!

माझं मत पॅनेलच्या बाजूनं आहे. पण त्याआधी बिनखर्चाचं एक काम उद्यापासून करता येईल. आपला पंप रोज संध्याकाळी सात वाजता, सगळ्या शहराच्या गर्दीतच सुरू होतो. तो दुपारी बाराला लावा. टाकी तेवढीच भरेल, संध्याकाळचा भार मात्र कमी होईल. आणि पॅनेल आले, तर पंप थेट उन्हावरच चालेल.

सभेला सर्वांनी या. विरोधात मत देणार असाल, तरी या.