प्रकाशतंतूच्या सांध्यांची परीक्षा



ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मान्यता दिली. आज ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली, तरी अर्नाळ्यासह तालुक्यातील कित्येक गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडेच आहे. तंतू आला, यंत्रावरील दिवा लागला, पण दाखला निघेना, अशी तक्रार आली की रस्ता खणण्याची भाषा सुरू होते. वास्तविक दोष पुष्कळदा कार्यालयातल्याच सांध्यात असतो.

काच आणि हवा जेथे भेटतात तेथे सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. खिडकीच्या काचेत चेहरा दिसतो तो याच नियमाने. जोडणीची दोन टोके नीट टेकली नाहीत, मध्ये धुळीचा कण राहिला, तर तंतूतही तेच घडते. परतलेला प्रकाश संदेशात गोंधळ माजवतो. खाडी आणि समुद्र यांनी वेढलेल्या वसईच्या दमट, खाऱ्या हवेत उघड्या टोकांची निगा म्हणूनच अधिक राखावी लागते.

हे परावर्तन मूळ प्रकाशाहून किती डेसिबलने कमी, ते मोजतात. आकडा मोठा तितका सांधा चांगला. नवख्याची फसगत होते ती येथेच. ४ टक्के म्हणजे १४ डेसिबल, तर ६० डेसिबल म्हणजे दहा लाखांत एक भाग. हिरव्या जोडणीचे टोक ८ अंशांनी तिरपे घासलेले असते, त्यामुळे परतणारा प्रकाश तंतूच्या गाभ्याबाहेर निसटतो. निळ्या जोडणीचे टोक तिरपे नसते. हिरवी निळीसमोर खोचली तर बसते खरी, पण मध्ये फट राहते.

दोषाची जागा ओटीडीआर हे उपकरण सांगते. ते प्रकाशाचा स्पंद सोडून परतीचा वेळ मोजते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. १० मायक्रोसेकंदांनी परतला, तर दोष १ किलोमीटरवर. उपकरणालगतचा पहिला सांधा मात्र त्याला नीट मोजता येत नाही. त्यासाठी मध्ये तंतूचे लांब वेटोळे जोडतात. वेटोळ्याशिवाय झालेली तपासणी अपुरीच समजावी.

काम ताब्यात घेताना पंचायतीने प्रत्येक सांध्याचा आकडा दाखविणारा आलेख मागून दप्तरी ठेवावा. पुढे बिघाड झाल्यास जुना व नवा आलेख शेजारी ठेवताच कोणता सांधा बदलला ते कळते, आणि कुदळ उचलण्याआधी टोक पुसून पाहता येते. पुसताना ते डोळ्यासमोर मात्र धरू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यास इजा करू शकतो.