आदरातिथ्य म्हणजे हजर असणं

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर एका मित्राने फोन करून विचारलं, "आपल्यासारख्या पुरोगामी लोकांत ख्रिस्ती अध्यात्म कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी ख्रिस्ती नाही, आणि देवाबद्दलची माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेत. पण पाहुण्याकडे कसं बघावं याचा या परंपरेने जो विचार केला आहे, तो आपल्याला लागू पडतो.

लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी येतो. मार्था कामाला जुंपते, मरीया त्याच्याजवळ बसून ऐकते. मार्था तक्रार करते, तर येशू मरीयेची बाजू घेतो! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला. सगळ्याच ऐकत बसल्या तर स्वयंपाक कोण करणार? पुढे लक्षात आलं की दोष स्वयंपाकाचा नाही. मार्था इतकी त्रासून गेली आहे की बहिणीची तक्रार ती थेट पाहुण्याकडेच करते. पाहुणा समोर आहे, पण तो तिला दिसतच नाही.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ५३व्या प्रकरणात सांगितलं आहे की आलेल्या प्रत्येकाचं स्वागत साक्षात ख्रिस्त आल्यासारखं करावं. त्यातही गरीब आणि यात्रेकरूंची जास्त काळजी घ्यावी, कारण श्रीमंतांना मान आपोआप मिळतो. विशेष म्हणजे या नियमावलीचा पहिला शब्दच 'ऐक' असा आहे.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे आनंदीबाई जोशी. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. वाइल्डरांनी ते पत्र आपल्या नियतकालिकात छापलं, पण सूर असा की आधी ख्रिस्ती व्हा. म्हणजे दार उघडं, पण अटीवर. तेच पत्र न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आलं. त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाईंची तब्येत बरी नसते हे कळल्यावर औषधं पाठवली. पाहुणी घरी येण्याच्या कितीतरी आधीपासून यजमानीण तिचं ऐकत होती!

फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूरच्या भाषणात आनंदीबाईंनी जाहीर केलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि कार्पेंटरांच्या घरी राहिल्या. त्या ख्रिस्ती घरात त्यांचा धर्म, साडी, शाकाहार सगळं टिकलं. कार्पेंटरबाई त्यांच्या 'मावशी' झाल्या. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. प्रेमाने क्षय बरा झाला नाही. पण त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. तिथे आजही त्यांच्या नावाचा दगड आहे.

आता माझी गोष्ट, जी सांगायला मला लाज वाटते. काही वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे वीसेक माणसं होती. त्यात दुसऱ्या लॅबमधला एक मराठी विद्यार्थी होता. तो दोनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "ताई, जरा बोलायचं होतं." दोन्ही वेळा मी म्हटलं, "अरे, आधी जेवून घे." निघताना त्याला पुरणपोळ्यांचा डबाही दिला. जानेवारीत कळलं की त्याचं फंडिंग थांबलं होतं, व्हिसाचा प्रश्न उभा राहिला होता आणि तो शिक्षण सोडून परत गेला. मला कदाचित काही करता आलं असतं, कदाचित नसतंही. पण मी ऐकलंच नाही. त्याचं ई-मेल आलं, त्यात पोळ्यांबद्दल आभार होते. ते आभार मला अजून टोचतात.

मंडळी, खाऊ घालण्यात आपण कुठेच कमी पडत नाही. अतिथीला देव मानणारी आपली संस्कृती आहे. पण देवाला नैवेद्य दाखवून आपण पुढच्या कामाला लागतो, तसंच पाहुण्याचंही होतं. शिवाय आपण पुरोगामी! समोरच्याचं ऐकण्याआधीच त्याला सुधारायची आपल्याला घाई असते. वाइल्डरांची अट आपल्याला खटकते. मग आपल्याही घरात शिरायला विचारांची अट असते का, हे तपासायला हवं.

म्हणून एक साधी सूचना. पुढच्या पॉटलकला प्रत्येकाने एक पदार्थ कमी करावा, आणि तो वेळ एखाद्या नवीन माणसाजवळ बसण्यात घालवावा. "कसं चाललंय?" असं विचारावं, आणि उत्तर पुरं होईपर्यंत जागचं हलू नये.