ब्रिज पॉप्युलेशनचा खाडा

(विद्यापीठात 'संस्कृती, लैंगिकता आणि जागतिक आरोग्य' नावाचा एक कोर्स चालतो. तो कसा चालवावा यावर बोलायला मला त्या वर्गात बोलावलं होतं. तिथं बोललो ते घरी येऊन लिहून काढलं. फारसं घासूनपुसून घेतलेलं नाही.)

मॅडम, वर्गातल्या मित्र-मैत्रिणींनो, आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या आमच्या पोरांनो,

आज मी खाडा करून आलोय. गोदीत मी ठेकेदाराचा माणूस, पर्मनंट नाही. पाळीला गेलो तर पैसे, नाही गेलो तर नाही. आत्ता तिकडं जहाजातनं लोखंडाच्या कॉइल उतरतायत आणि माझ्या जागी मुकादमानं दुसरा गडी उभा केलाय. तो त्याला पसंत पडला तर उद्या मी कुठं उभा राहीन ते मला ठाऊक नाही. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. कोर्स कसा चालवावा असं मॅडमनी विचारलं, त्याचं उत्तर इथनंच सुरू होतं.

मॅडमनी आधी वाचायला कागद धाडले होते. मी दहावी पास, इंग्रजी अडखळत वाचतो. तीन रात्री लागल्या. त्यात एक चित्र आहे. तीन गोल. पहिल्या गोलात धंदा करणाऱ्या बाया, पुरुषांसोबत झोपणारे पुरुष, तृतीयपंथी, नशेच्या सुया टोचून घेणारे. यांचं नाव 'हाय रिस्क'. तिसऱ्या गोलात 'जनरल पॉप्युलेशन', म्हणजे सामान्य जनता. आणि मधल्या गोलात ट्रकवाले आणि बायको गावाकडं ठेवून शहरात राबणारे मजूर. त्यांचं नाव 'ब्रिज पॉप्युलेशन'. पूल! रोग आमच्या पाठीवरनं चालत जातो आणि सामान्य जनतेच्या घरात शिरतो म्हणे.

ते चित्र मी टोळीत दाखवलं. एक म्हातारा गडी बघत बसला बराच वेळ, मग म्हणाला, "म्हंजे आपण जनतेत नाहीच का रं?"

रोगाचं गणित म्हणून हे चित्र खोटं नाही, ते मी कबूल करतो. एचआयव्ही असुरक्षित संभोगातनं जातो, रक्तातनं जातो, सुईतनं जातो, आईकडून बाळाला जातो. कुठनं कुठं जातो ते मांडल्याशिवाय कंडोमची पेटी कुठं उघडायची ते कळणार नाही. पण गड्याची बायको गावाकडं का राहिली, हे त्या गोलात कुठं लिहिलंय? एका खोलीत दहा-बारा माणसं आळीपाळीनं झोपतात, एवढ्या मजुरीत दुसरी खोली मिळत नाही, हे कुठं आहे? चित्र काढणारा पुलावर उभा राहून खालचं पाणी मोजतोय. पूल कुणी बांधला ते विचारत नाही.

ही नजर जुनी आहे. १८६४ साली इंग्रजांनी छावण्यांचा कायदा केला, १८६८ साली सांसर्गिक रोगांचा. गोऱ्या सोल्जराला गरमी-परमा होऊ नये म्हणून बाईची नोंद करायची, तिला जबरीनं तपासायचं, आजारी निघाली की 'लॉक हॉस्पिटला'त कोंडायचं. सोल्जराला कुणी कोंडलं नाही. १८८८ साली तो कायदा रद्द झाला. तुमच्या कोर्सचा इतिहास इथनं शिकवा. १९८६ साली मद्रासला पहिल्यांदा एचआयव्ही सापडला, तेव्हाही रक्त तपासलं होतं ते धंद्यातल्या बायांचंच.

आता घरचं सांगतो. माझा थोरला चुलता गोदीतच होता. २००३ च्या दिवाळीनंतर गेला. मी तेव्हा पाच वर्षांचा, मला नीट आठवत नाही, आई सांगते ते सांगतो. एका दवाखान्यात होता. केसपेपरवर लाल शाईनं लिहिलेलं, सगळ्या वॉर्डाला दिसंल असं. वॉर्डबॉय ताट पायानं सरकवायचा. आणि डॉक्टर चुलतीला म्हणाला, "तुमच्या लोकांत हे असंच चालायचं." तुमच्या लोकांत म्हणजे कुठल्या? गोदीवाल्यांत? झोपडपट्टीवाल्यांत? जातवाल्यांत? मॅडम, तुमच्या कोर्सच्या नावातला पहिला शब्द तो हाच. तिथं तो मराठीतनं आणि बिनफीचा मिळाला, एवढाच फरक.

बरं, औषध नव्हतं का? फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबईच्याच सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी जाहीर केलं, की 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स'ला एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाचा डोस ३५० डॉलरला देतो. अमेरिका-युरोपात त्याच औषधांना तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर मोजत होते. हे जमलं कारण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर पेटंट नव्हतं, फक्त ते बनवायच्या रीतीवर होतं. (२००५ साली तो कायदा बदलला. कुणाच्या दबावानं, ते या कोर्सात एक अख्खा तास घेऊन शिकवा.) जगभर गाजावाजा झाला, आफ्रिकेतल्या माणसांना जगायची वाट दिसली. चांगलंच झालं. आपल्या सरकारी दवाखान्यांत ही औषधं फुकट मिळायला लागली १ एप्रिल २००४ ला, तीही सुरुवातीला आठच दवाखान्यांत. चुलता त्याआधी पाच महिने गेला. औषध मुंबईत, माणूस मुंबईत. मधे पूल नव्हता.

चुलती आहे. तिला विचारून सांगतोय. तिला नवऱ्याकडनंच लागण झाली होती. ती रोज गोळी घेते, घरकामं करते. तिच्या रक्तातला विषाणू मोजणीत सापडत नाही इतका खाली आहे. असं असलं की संभोगातनं दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता विज्ञानानं पक्कं केलंय. तिला हे एआरटी सेंटरच्या रांगेत कळलं, पुढं उभ्या असलेल्या बाईकडनं. मी इथं येणार म्हणल्यावर ती म्हणाली, "मला बोलावणार असतील तर रिक्षाचं भाडं आणि दिवसाचा रोज द्यायला सांग. नुसती शाल नको."

आता 'संस्कृती'. तुमच्या कागदांत एक धडा आहे, मासिक पाळी आणि सांस्कृतिक निषिद्धं. विटाळ, शिवाशिव, देवघर. ठीक आहे, शिकवा. पण बीड जिल्ह्याचंही शिकवा. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं तिथल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. तिथं नवरा-बायको मिळून एक 'कोयता' असतो. हंगामाआधी उचल घेतलेली. एका दिवसाचा खाडा झाला की मुकादम दंड कापतो. फडावर संडास नाही, पाणी नाही, अंगावरनं जात असलं तरी मोळी डोक्यावर. दुखणं घेऊन बाई डॉक्टरकडं गेली की तो कॅन्सरची भीती घालतो आणि पिशवीच काढून टाकतो. आमच्या गोदीत पाळी म्हणजे कामाची वेळ. त्यांच्या फडात पाळी म्हणजे खाडा. यात देवघर कुठं आलं? यात उचल आहे, कारखाना आहे, दुष्काळ आहे, खाजगी दवाखान्याचं बिल आहे. याला 'त्यांची संस्कृती' म्हणलं की साखर खाणारे सगळे सुटतात. मी पण चहात साखर घालतो, मी स्वतःला सोडत नाही.

आणि संस्कृतीच शिकवायची असेल, तर या विषयाचा पहिला तास तुमच्या जन्माआधी होऊन गेलाय. ९ मे १९१६, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी तिथं निबंध वाचला, भारतातल्या जातींवर. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. आणि ते टिकवायचं तर नवरा मेलेल्या बाईचं काय करायचं? सती जाळा, विधवा करून कोपऱ्यात बसवा, पोरीचं लग्न न्हाण यायच्या आधी लावा. म्हणजे जात बाईच्या अंगावर कुलूप घालून उभी आहे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलं. लैंगिकता म्हणलं की तुमच्या डोळ्यांपुढं कामाठीपुरा येतो. माझ्या डोळ्यांपुढं लग्नपत्रिका येते. पहिला गृहपाठ म्हणून प्रत्येकानं स्वतःच्या घरातल्या तीन पिढ्यांची लग्नं लिहून आणावीत. कुणी कुणाशी केलं, कुणाचं मोडलं, कुणाला मारलं. मग जा दुसऱ्याच्या वस्तीत.

आमची पोरं मागं हसतायत. हसू नका. तुमच्यासाठीही आणलंय. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर खटला झाला. 'समाजस्वास्थ्य' मासिकात हस्तमैथुनावर, समलिंगी संबंधांवर वाचकांनी प्रश्न विचारले आणि कर्व्यांनी सरळ उत्तरं दिली, हा गुन्हा. पुण्या-मुंबईची सभ्य मंडळी तोंडावर पदर घेऊन बसली होती. वकीलपत्र घेतलं बाबासाहेबांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही, असं कोर्टात उभं राहून मांडलं. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही पडला. त्यांच्या नावानं छाती पिटणारे आपण मात्र मेडिकलच्या दुकानात कंडोम मागताना आवाज खाली घेतो आणि शिवी द्यायची तर आईबहिणीवरनं देतो. माझ्या कवितांत पण त्या शिव्या आहेत. चुलतीनं एकदा विचारलं, यातली बाई कोण? मला उत्तर देता आलं नाही.

एक गोष्ट मात्र अशी आहे, की जिचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. १६ जून १९३६ ला बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळी, जोगतिणी, देवदासी, कामाठीपुऱ्यातल्या बाया यांच्यापुढं भाषण केलं. त्या बायांना माणूस म्हणून हॉलमध्ये बोलावणं हीच त्या काळात केवढी गोष्ट. त्यांनी स्पष्ट सांगितलं, हे जिणं सोडा. आणि इकडं १९९६ साली सांगलीत त्याच धंद्यातल्या बायांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. त्यांच्यात देवदासी म्हणून सोडलेल्या कितीतरी, आपल्याच जातीतल्या. त्या म्हणाल्या, आम्हाला सोडवू नका, पोलिसांचा मार थांबवा, रेशनकार्ड द्या, कंडोम आम्ही वाटतो. कलकत्त्याला सोनागाछीत १९९२ साली डॉक्टर स्मरजित जानांनी आरोग्याचं काम काढलं तेव्हा शिकवायला त्याच बाया नेमल्या, आणि १९९५ साली त्या बायांची 'दुर्बार' समिती उभी राहिली. जे पुस्तकी डॉक्टरला जमलं नाही ते त्यांनी केलं. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायला एकटीला जमत नाही, गल्लीनं मिळून म्हणलं तर जमतं. हे आम्हाला युनियनमुळं ठाऊक आहे.

मग देवाला सोडलेल्या पोरीचा धंदा हे काम की जातीची गुलामी? मला रात्री वाटतं गुलामी, आणि सांगलीच्या बाईचं बोलणं आठवलं की वाटतं, हे ठरवणारा मी कोण. हा प्रश्न वर्गात टेबलावर ठेवा. उत्तर छापील देऊ नका. आणि त्या बाया खोलीत असल्याशिवाय तो चर्चेला घेऊ नका.

'जागतिक' या शब्दाबद्दल थोडं. पैसा कुठनं येतो ते पोरांना दाखवा. २००३ साली अमेरिकेनं एड्ससाठी मोठा निधी काढला आणि अट घातली, वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असं संस्थेनं लिहून द्यायचं. म्हणजे जिला कंडोम द्यायचा तिच्याविरुद्ध आधी सही करायची. २००५ साली ब्राझीलनं चार कोटी डॉलर नाकारले. सांगलीच्या 'संग्राम'नंही त्याच अटीपायी अमेरिकी पैसा सोडला. तेव्हा वाकले नाहीत, त्यांचा मला अभिमान आहे. पण २०२५ च्या जानेवारीत त्याच अमेरिकेनं परदेशी मदत एका सहीनं गोठवली, १ जुलैला यूएसएडचं दुकानच बंद केलं, आणि आफ्रिकेत दवाखान्यांच्या दारात माणसं परत फिरली. ज्यांनी मान खाली घालून सह्या केल्या होत्या त्यांचंही तेच झालं. मालक ठेका बंद करतो तेव्हा चांगलं काम करणाऱ्यालाही विचारत नाही, हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

आता कामाचं बोलतो. वर्ग दुपारी बाराला ठेवू नका, त्या वेळी राबणारं माणूस येत नाही. रविवारी ठेवा. जो बोलायला येईल त्याला बुडालेला रोज द्या, आणि तो अर्ज-सही-शिक्का करून तीन महिन्यांनी नको, त्याच दिवशी हातात. वस्तीत पोरांची सहल नेऊ नका. फोटो तर अजिबात नको. एआरटी सेंटरच्या रांगेत वही घेऊन उभं राहू नका, तिथं माणूस तोंड लपवून उभा असतो, ते त्याला लपवू द्या. पोरांनी जे लिहिलं ते ज्याच्यावर लिहिलं त्याला मराठीत वाचून दाखवा, आणि तो 'खोड' म्हणाला तर खोडा. आणि ते तीन गोलांचं चित्र फाडू नका. फळ्यावर काढा, आणि चौथा गोल काढून त्यात ठेकेदार, खोलीमालक, मुकादम, औषध कंपनी, सरकार लिहा. बाण कुठनं कुठं जातात ते पोरांना काढू द्या.

मला साडेचारला निघायला पाहिजे, रात्रपाळी मिळते का बघतो. मॅडम, चुलती पुढच्या रविवारी यायला तयार आहे. तिचे गुडघे धरलेत, दुसरा मजला चढवत नाही तिला. खालची एखादी खोली बघा.