फसलेल्या खरेदीची दाद



दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात माझ्या थोरल्या बहिणीने, नातीच्या लग्नात नेसण्यासाठी म्हणून, मोबाइलच्या पडद्यावर पाहून एक पैठणी मागवली. 'शुद्ध रेशीम, हातमागावर विणलेली, येवला' असे तिचे वर्णन तेथे स्पष्ट शब्दांत दिलेले होते. किंमत १८,५०० रुपये होती आणि ती ताईने आपल्या क्रेडिट कार्डाने आगाऊ चुकती केली होती. पाचव्या दिवशी पेटी घरी आली. ताईने घडी उलगडली, पदर हातात घेऊन उलटा केला, आणि काही न बोलता ती खुर्चीवर बसली.

ज्यांनी खरी पैठणी हाताळली आहे त्यांना त्या मौनाचे कारण सांगावे लागणार नाही. पैठणीच्या पदरावरील मोर आणि वेली विणकराने लहान लहान कांड्यांवरचे रंगीत रेशीम उभ्या ताण्यात हाताने गुंफून उठवलेल्या असतात, आणि म्हणून त्या पदराची पाठ त्याच्या दर्शनी बाजूइतकीच निर्मळ दिसते. यंत्रमागावरील नकलेच्या पाठीवर मात्र एका नक्षीपासून दुसरीपर्यंत ओढत नेलेले, नाहीतर मध्येच कातरलेले धागे लोंबत असतात. तसे ते येथे लोंबत होते. त्यांतलाच एक धागा आम्ही जाळून पाहिला. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो व त्याची राख बोटांत चुरडली जाते. हा धागा मात्र वितळला आणि त्याचा काळा, टणक मणी झाला.

"जाऊ दे," ताई म्हणाली, "चूक माझीच. दुकानात जाऊन घ्यायला हवी होती."

आयुष्यभर शाळेत मुलांना खरे-खोटे शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून हे शब्द ऐकताना मला जे दुःख झाले ते त्या साडीच्या किमतीचे नव्हते. फसवणाऱ्याला वाटायला हवी ती लाज फसलेल्याला वाटते, ती घरातल्या माणसांपासूनसुद्धा लपवली जाते, आणि नकली मालाचा सारा व्यापार या लाजेच्या भांडवलावर उभा राहतो, असे माझे पूर्ण विचारांती झालेले मत आहे. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही दोघे कागद घेऊन बसलो, आणि पुढील दोन महिन्यांत जे शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवण्याची माझी इच्छा आहे.

प्रथम आम्ही पुरावा गोळा केला. विक्रेत्याच्या पानावरील वर्णन, किंमत व छायाचित्र यांचा स्क्रीनशॉट, कराचे बिल, पेटीवरची पत्त्याची चिठ्ठी, साडीच्या दोन्ही बाजूंची दिवसाच्या उजेडातली छायाचित्रे, हे सर्व त्याच रात्री जपून ठेवले. आणि ते योग्यच झाले, कारण चौथ्या दिवशी त्या वर्णनातून 'हातमाग' हा शब्द नाहीसा झालेला होता. मग विक्रेत्याला लेखी तक्रार केली. तोंडी तगाद्याला पोच नसते. लेखी तक्रारीला तारीख असते. 'सवलतीत विकलेला माल परत घेतला जात नाही' असे दोन ओळींचे उत्तर आले.

असे उत्तर आले की पुष्कळ माणसे तेथेच थांबतात, आणि नेमके तेथेच थांबू नये. वर्णन वाचून घेतलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे ही अट आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्यापासून लागू आहे. ई-वाणिज्यासंबंधी २०२० साली झालेले नियम तर याहून स्पष्ट बोलतात: माल सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसतील, तर तो परत घेण्यास अथवा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ज्या बाजारपेठेच्या नावावर आपण विश्वासाने पैसे भरतो तिलाही एक तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच द्यावी आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करावे असा दंडक आहे. आम्ही त्या अधिकाऱ्याला लिहिले. पोच वेळेवर आली, निवारण मात्र झाले नाही.

तेव्हा आम्ही कार्ड देणाऱ्या बँकेकडे वळलो. येथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. कार्डाचा दुसऱ्याच कोणी चोरून वापर केला असेल, तर त्यासाठी रिझर्व बँकेने ६ जुलै २०१७ रोजी वेगळा नियम केला आहे. त्यानुसार बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी केलेला गैरव्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास ग्राहकावर तोशीस पडत नाही. पण आपण स्वतः दिलेल्या पैशांबद्दल 'हा व्यवहार मी केलाच नाही' असे कोणाच्या सांगण्यावरून बँकेला लिहिणे हे असत्य आहे, आणि त्या असत्याने खरी फिर्यादही बुडते. आपली कैफियत वेगळी आहे: पैसे मी दिले, ते ज्या वस्तूसाठी दिले ती वस्तू मला मिळाली नाही.

या कैफियतीसाठी बँकांत जी वहिवाट आहे तिला चार्जबॅक म्हणतात. आपली बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत, म्हणजे रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांच्यामार्फत, विक्रेत्याच्या बँकेकडे रक्कम परत मागते. ती बँक विक्रेत्याकडून जाब घेते. त्याने कागद दाखवून हरकत घेतली तर आपल्याला प्रत्युत्तराची संधी मिळते, आणि तरीही मिटले नाही तर जाळ्याच्या लवादापुढे निकाल होतो. नकली मालाचे सदर वेगळे व वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाचे वेगळे. पहिल्यासाठी मूळ उत्पादकाचा किंवा त्रयस्थ जाणकाराचा दाखला लागतो. दुसऱ्यासाठी आपण माल परत केला, निदान परत देऊ केला, हे दाखवावे लागते. मुदती दिवसांत मोजल्या जातात, म्हणून विक्रेत्याच्या गोड आश्वासनांवर महिने घालवणे घातक ठरते. आम्ही दुसरे सदर निवडले, 'साडी कधीही घेऊन जावी' असे विक्रेत्याला पुन्हा लेखी कळवले, आणि येवल्याच्या एका वृद्ध विणकराने साडी पाहून दिलेली चिठ्ठीही अर्जास जोडली. त्या चिठ्ठीबद्दल त्यांनी एक पैसाही घेतला नाही. "आमच्या नावावर हे खपतं, त्याचं आम्हालाच वाईट वाटतं," एवढेच ते म्हणाले. फसवणुकीत आपल्याखेरीज आणखी कोणाचे नुकसान होते हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. मागावर महिनोन् महिने बसून एक साडी विणणाऱ्याची ती मजुरी असते.

यूपीआयने पैसे दिले असल्यास त्याच ॲपमधून व आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवता येते, पण मालाच्या दर्जाच्या वादात कार्डाइतका भक्कम आधार तेथे मिळत नाही. अनोळखी विक्रेत्याकडून मोठी खरेदी करताना हे लक्षात असावे. दुकानच मुळात बनावट निघाले तर तो फौजदारी मामला होतो, आणि त्यासाठी १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक ताबडतोब फिरवावा.

बँकेनेही नाकारले असते, तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार होतेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यात फिर्याद करण्याची मुभा दिली आहे. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, ताईला सातारा सोडावे लागले नसते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस तेथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. हे हक्क आकाशातून पडलेले नाहीत. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि १९८६ साली पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला. योगायोग असा की त्याच १९७४ साली इंग्लंड व अमेरिका येथेही कार्डाने केलेल्या खरेदीच्या तक्रारींना कायद्याचे पाठबळ मिळाले. आणि या हक्कांना दात आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फ्लिपकार्टला, दर्जाचे प्रमाण नसलेले ५९८ प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल, एक लाख रुपये दंड करून ग्राहकांचे पैसे परत करण्याचा हुकूम दिला.

ताईच्या अर्जावर विक्रेत्याने एकदा हरकत घेतली. 'पडद्यावर रंग वेगळे दिसतात' असे त्याचे म्हणणे होते. आमचे उत्तर रंगाविषयी नव्हते, धाग्याविषयी होते. साठाव्या दिवसाच्या सुमारास संपूर्ण रक्कम तिच्या खात्यात कायमची जमा झाली. तोवर लग्न होऊन गेले होते, आणि त्यात ती आमच्या आईची जुनी, काठाशी विरलेली पैठणी नेसली होती.

तरुण श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरातील आई, काका, आजी यांच्यापैकी कोणी खोटा माल हातात घेऊन 'जाऊ दे' म्हणाले, तर त्यांना बोल लावू नका. त्यांच्याजवळ बसा, बिल शोधा, छायाचित्रे काढा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर त्यांच्यासाठी फोन लावा. तेथे मराठीत बोलता येते.