येतो, येईन आणि येणार आहे



येथील जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश शिकणारी मराठी मुले आम्हांस भेटतात, तेव्हा त्यांची एक तक्रार ऐकू येते. 'मी उद्या येथे येईन' एवढे सांगण्यास त्या भाषेत तीन रूपे! 'बेंगो' म्हणजे येतो, 'बेन्द्रे' म्हणजे येईन (हे आडनाव नव्हे!) आणि 'बोय आ बेनीर' म्हणजे शब्दशः 'येण्यास जातो', आपले 'येणार आहे' त्याच्या जवळचे. रोजच्या बोलण्यात, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, हे तिसरे रूपच अधिक चालते. दुसऱ्या प्रकारचे रूप पुष्कळदा नुसत्या तर्कासाठी येते. आपणही 'तो आता घरी असेल' म्हणतो, तेव्हा भविष्य कोठे सांगतो?

म्हणजे ही निवड आपल्या घरी आधीपासून आहेच. गावी वृद्ध आईस आपण 'गणपतीला येईन' असे लिहितो. त्यात ती इच्छा वाचते, खात्री नव्हे. 'येणार आहे' असे लिहिले की रजा मिळाली, तिकीट निघाले, असे समजून ती शेजारीपाजारी सांगू लागते. आणि दारातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हे तर आपणांस लहानपणीच शिकविलेले. निरोप घेतानाच परतण्याचा शब्द देऊन ठेवणारा हा वर्तमानकाळ! जेवावयास हाक आली की जागचे न हलता आपण 'आलो' म्हणतो, तो भूतकाळ निराळाच.

सरकारी दप्तरात आणखी एक भविष्यकाळ नांदतो : 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' त्यास कर्ता नाही, तारीखही नाही. त्याच्या सहवासात तीस वर्षे काढल्यामुळे आम्हांस 'येईन' मधील 'न' फार मोलाचा वाटतो. त्या एका अक्षरात बोलणारा स्वतः उभा असतो.

तोच 'न' आता गळू लागला आहे. आपली मुले 'मी येईल' म्हणतात. त्याचा दोष हिंदीवर टाकण्याची आपणांस सवय आहे, पण 'आऊँगा' आणि 'आएगा' हा भेद हिंदीने नीट सांभाळला आहे. शिवाय 'मी येईल' हल्ली खुद्द महाराष्ट्रातही सर्रास ऐकू येते. मो. के. दामले यांचे १९११ चे व्याकरण मुलांच्या हाती देऊन हे सुधारेल, असे आम्हांस वाटत नाही. दूरध्वनीवर नातू 'आजी, मी सुट्टीत येईल' म्हणाला की आजी पलीकडून विचारते, 'कोण येईल?' तिने तसे विचारीत राहावे, आणि तो 'येईन' म्हणेपर्यंत आईबापांनी मध्ये बोलू नये.